लायनर उलटला की घाम सांडतो

प्रश्न : मी अकोला जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, वय ४१. तीन वर्षांपूर्वी ट्रकची धडक बसून डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चौदा महिन्यांपासून सिलिकॉनचा लायनर (उरलेल्या पायावर चढवायचे मऊ आवरण) आणि पिनचे लॉक असलेला कृत्रिम पाय वापरते. हिवाळा बरा गेला, परंतु होळीपासून घामाने जीव नकोसा केला आहे. सकाळची शाळा असूनही दुसऱ्या तासालाच लायनरमध्ये ओल जाणवते, फळ्याकडे वळताना ‘चपक चपक’ आवाज येतो आणि पुढच्या बाकावरची मुले एकमेकांकडे पाहतात. घरी येऊन लायनर उलटला की चक्क पाणी सांडते. परवा पायरी चढताना पाय निसटतो आहे असे वाटले आणि मी कठडा धरून तशीच उभी राहिले. टाल्कम पावडर भरपूर लावते, पाणी पिणे निम्म्यावर आणले आहे. स्टंपवर, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाच्या भागावर, लाल पुरळ आले म्हणून मेडिकलमधून ट्यूब आणली. तिने खाज थांबते, पण चार दिवसांनी पुन्हा सुरू होते. चुलतभाऊ म्हणतो, घाम बंद करण्याच्या गोळ्या मिळतात. एका डॉक्टरांनी बोटॉक्सचे इंजेक्शन सुचवले आहे, पण सासूबाईंचे म्हणणे असे की घाम आत कोंडला तर विष अंगात भिनेल. मी काय करावे? मधुमेह, रक्तदाब नाही. नसलेल्या पायात ठणका लागतो म्हणून ड्युलोक्सेटीनची गोळी रोज घेते, बाकी औषध काही नाही.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील दोन गोष्टी आजपासूनच बंद करायच्या आहेत, आणि नेमक्या त्याच तुम्ही उपाय म्हणून सुरू केलेल्या आहेत : कमी पाणी पिणे आणि मेडिकलमधून आणलेली ती ट्यूब.

पाणी कमी प्यायल्याने लायनरमधला घाम कमी होत नाही. शरीर तापले की ते घाम काढणारच. पाणी कमी पडले तर आधी लघवी कमी होते, डोके दुखते, चक्कर येते आणि उन्हाळ्यात मूत्रमार्गाचा संसर्ग व मुतखडा यांना आमंत्रण मिळते. शाळेतले स्वच्छतागृह कृत्रिम पाय घातलेल्या बाईला वापरण्याजोगे नाही, हेही पाणी कमी पिण्यामागचे कारण असावे अशी मला शंका आहे. पत्रात तुम्ही तसे लिहिलेले नाही, पण अनेक शिक्षिका हे बोलून दाखवत नाहीत म्हणून मीच विचारते. तसे असेल तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय करून देणे बंधनकारक आहे; त्यात कमोड, पकडायची दांडी आणि मधल्या सुट्टीत दाराला कडी लावून पाय काढता येईल अशी एखादी खोली, एवढे मागायला संकोच वाटण्याचे काही कारण नाही. त्या खोलीची गरज का आहे ते पुढे येईलच.

आता ट्यूब. ‘खाज थांबते आणि चार दिवसांनी परत येते’ हे वाक्य वाचताच मला बहुधा कोणत्या प्रकारची ट्यूब असेल याचा अंदाज आला. आपल्याकडे दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या बऱ्याच मलमांत बुरशीवरचे औषध, जंतूंवरचे औषध आणि तीव्र स्टेरॉइड अशी तिन्ही एकत्र असतात. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दोन दिवसांत बसते, त्यामुळे बरे वाटते. खालची बुरशी मात्र तशीच राहते आणि पुढे चिवट होते, शिवाय कातडी पातळ होत जाते. पातळ झालेली कातडी अंगावर इतरत्र एकवेळ चालून जाईल, परंतु जिच्यावर तुमचे सारे वजन पडणार आहे, त्या स्टंपवर ती चालणार नाही. ट्यूबच्या वेष्टनावर क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन किंवा ‘-सोन’ने संपणारे एखादे नाव आहे का ते पाहा आणि ती ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ट्यूब बंद केल्यावर काही दिवस खाज आधीपेक्षा वाढल्यासारखी वाटेल, तेव्हा घाबरून पुन्हा तीच लावू नका. पुरळ केसांच्या मुळाशी असेल तर तो केसतोडाचा प्रकार, कडा उंच आणि मध्ये बरे झालेले गोल चट्टे असतील तर नायटा, आणि कातडी पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांसारखी पांढरी, भिजून फुगलेली असेल तर ती केवळ सतत ओली राहिल्यामुळे. तिन्हींची औषधे वेगळी आहेत. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात कातडीचा खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हे ठरवता येईल.

एवढे झाल्यावर घामाकडे येऊ. हे तुमच्या एकटीचे दुखणे नाही. कृत्रिम अवयव वापरणाऱ्यांविषयीच्या निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांनी उष्णता आणि घाम यांची तक्रार केल्याचे आढळले, आणि त्यातील पुष्कळ लोक तर थंड हवेच्या देशांतले होते. एक पूर्ण पाय म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे १८ टक्के भाग. तुमचा पाय गुडघ्याखाली गेला तरी त्यातला बराच वाटा गेला, म्हणजे उष्णता बाहेर टाकायला कातडी कमी उरली; दुसरीकडे कृत्रिम पायाने चालायला पूर्वीपेक्षा अधिक शक्ती लागते, म्हणजे उष्णता अधिक तयार होते. उरलेल्या कातडीपैकी स्टंपवरच्या भागाला आपण सिलिकॉनमध्ये गुंडाळतो, ज्यातून ना हवा जाते ना वाफ. घाम अंगाला थंडावा देतो तो वाळल्यामुळे. लायनरमध्ये तो वाळतच नाही, म्हणून शरीर आणखी घाम काढते. प्रयोगांत असे दिसले आहे की अर्धा तास चालल्यावर लायनरमधल्या कातडीचे तापमान दोन-तीन अंशांनी वाढते आणि नंतर पाय न काढता तासभर बसून राहिले तरी ते पूर्ववत होत नाही. म्हणूनच खुर्चीवर बसून घेतलेल्या विश्रांतीचा उपयोग नाही, पाय काढावाच लागतो. एक दिलासा असा की पहिल्या वर्ष-दीड वर्षात अनेकांच्या स्टंपचा घाम आपोआप थोडा उतरतो. सगळ्यांचा नाही.

मधली सुट्टी झाली की त्या खोलीत जाऊन पाय आणि लायनर काढा, स्टंप कोरड्या सुती पंचाने टिपून घ्या (घासू नका), लायनर उलटून आतली बाजूही पुसा आणि दहा मिनिटे स्टंपला वारा लागू द्या. शक्य असेल तर दुसरा लायनर पिशवीत ठेवा आणि सुट्टीनंतर तो घाला. दोन लायनर आलटून पालटून वापरल्याने प्रत्येकाचे आयुष्यही वाढते. लायनर परत चढवताना तो पूर्ण उलटा करून त्याचा तळ स्टंपच्या टोकाला घट्ट टेकवा आणि मगच वर गुंडाळत न्या. टोकाशी हवेचा फुगा राहिला तर घाम तिथेच साचतो, आणि तुमचा ‘चपक चपक’ आवाज बहुतेक तिथूनच येतो.

त्या आवाजाबरोबर आणखी एक आवाज ऐकायला शिका. सकाळी पाय घालताना पिन लॉकमध्ये शिरते तेव्हा ‘टक् टक्’ असे जे आवाज होतात, ते मोजा आणि वहीत लिहा. सुट्टीनंतर पुन्हा मोजा. सकाळी पाच आणि दुपारी आठ होत असतील तर स्टंप दिवसभरात आकसतो आहे, सॉकेट (कृत्रिम पायाचा जो पोकळ भाग स्टंपवर बसतो तो) सैल पडते आहे, आणि पायरीवर पाय निसटल्याचे कारण घामाइतकेच हेही आहे. अशा वेळी लायनरवर एक पातळ मोजा वाढवायचा असतो. याउलट टकटक तेवढीच असूनही लायनरच स्टंपवरून खाली ओघळत असेल तर दोष घामाचा किंवा लायनरच्या मापाचा. चौदा महिन्यांत स्टंप पुष्कळ बदलतो. सैल सॉकेटमध्ये पाय वर-खाली होतो, घर्षणाने उष्णता वाढते आणि उष्णतेने घाम, म्हणून औषधावर एक रुपया खर्च करण्याआधी पाय बनवणाऱ्या तज्ज्ञाकडून माप तपासून घ्या. ते जमत नसेल तर मुंबईला हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत हे काम होते. तिथे विचाराल तेव्हा छिद्रे असलेल्या लायनरविषयी आणि लायनरच्या आत घालायच्या, घाम शोषून वर नेणाऱ्या पातळ मोज्याविषयीही विचारा. तो मोजा मात्र स्वतःच्या मनाने घालू नका, कारण सिलिकॉनची कातडीवरची पकड त्याने कमी होऊ शकते.

पावडरही सोडा. घामात कालवली की तिची लापशी होते, तिचे खडे कातडीवर घासतात आणि लायनरची पकड सुटते. रात्री लायनर उलटून सौम्य साबणाने आणि पाण्याने धुवा, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, पुसून सावलीत स्टँडवर वाळवा. डेटॉल, सॅनिटायझर आणि गच्चीवरचे ऊन यांपासून त्याला लांब ठेवा. स्टंपही रात्रीच धुवा. सकाळी धुतलेला स्टंप फुगलेला आणि दमट राहतो. स्टंपवरचे केस वस्तऱ्याने काढू नका, त्यातून केसतोड होतात.

(जयपूर फूट आणि प्लास्टिकचे सॉकेट वापरणाऱ्या वाचकांसाठी जाता जाता : तुमचे सॉकेट सिलिकॉनइतके चिकटून बसत नाही आणि आत सुती मोजा असतो, म्हणून दिवसातून दोनदा मोजा बदलला तरी बराच फरक पडतो. महागडा लायनर घेतल्यावर घाम वाढला म्हणून स्वतःला दोष देणारे कितीतरी जण माझ्याकडे येतात. दोष त्यांचा नसतो.)

पुरळ पूर्ण बरे झाल्यावर आणि माप नीट झाल्यावरही घाम त्रास देत असेल, तर पहिले औषध म्हणजे ॲल्युमिनियम क्लोराइड हेक्झाहायड्रेटचे साधारण २० टक्क्यांचे लोशन. डिओडरंट निराळे, ते फक्त वास झाकते. हे लोशन घामाच्या नलिकेच्या तोंडाशी बूच बसवते आणि ते बूच काही दिवस टिकते. लोक हे औषध लावतात आणि आठवड्यात सोडून देतात, कारण लावण्याची रीत त्यांना कोणी सांगितलेली नसते. सकाळी लायनर घालण्याआधी लावले तर ते घामाबरोबर वाहून जाते, शिवाय ओल्या कातडीवर त्यातून आम्ल तयार होऊन आग होते, आणि वरून लायनर चढवला म्हणजे ती आग झाकून ठेवल्यासारखेच. म्हणून ते रात्री लावायचे, जेव्हा घामाच्या ग्रंथी शांत असतात. स्टंप धुऊन झाल्यावर अर्धा तास पंख्याखाली पूर्ण कोरडा होऊ द्यावा, अगदी पातळ थर लावावा, तो वाळू द्यावा, टाक्यांच्या व्रणाच्या खाचेत आणि जिथे कातडी फुटली असेल तिथे लावू नये, आणि सकाळी साबणाने धुऊन टाकल्यावरच लायनर घालावा. सुरुवात तळहाताएवढ्या भागापासून आणि एक रात्र सोडून करा. आठ-दहा दिवसांनी फरक कळू लागतो. मग आठवड्यातून एक-दोनदा पुरते. आग झाली तर दोन-तीन रात्री थांबा, पूर्ण सोडू नका.

तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य तुम्ही सहज लिहिले असेल, पण मला ते महत्त्वाचे वाटले. ड्युलोक्सेटीनने घाम वाढणे हा त्या औषधाचा नोंदलेला दुष्परिणाम आहे. ठणक्यासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रॅमाडॉलचेही तसेच. गोळी केव्हा सुरू झाली किंवा तिची मात्रा केव्हा वाढली आणि घाम केव्हा वाढला, या तारखा जुळवून पाहा. जुळल्या तर ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करता येते, औषध बदलताही येते. स्वतःहून मात्र एका दिवसात बंद करू नका, ती हळूहळूच उतरवावी लागते. घाम फक्त स्टंपला नसून सर्वांगाला, रात्री झोपेतही येत असेल, वजन उतरत असेल किंवा छातीत धडधडत असेल, तर थायरॉइड आणि इतर तपासण्या आधी कराव्यात.

चुलतभाऊ म्हणतात त्या गोळ्या बहुधा ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिन या असाव्यात. त्या खऱ्या आहेत, घामावर चालतात, आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत अकोल्यात तुम्ही त्या घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. घामाच्या ग्रंथीला नसेकडून ॲसिटिलकोलीन या रसायनाद्वारे हुकूम मिळतो. या गोळ्या तो हुकूम फक्त स्टंपवर नव्हे तर सर्वांगावर अडवतात. त्यामुळे तोंडाला कोरड पडते, शौचाला त्रास होतो, लघवी अडते, दृष्टी धूसर होते. हे सहन करणारे करतात. परंतु पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला असताना घामावाचून शरीराजवळ थंड होण्याचा दुसरा मार्ग नाही, आणि तो बंद केला तर उष्माघात होतो. सासूबाईंनी घेतलेली शंका म्हणून मला हसण्यावारी न्यावीशी वाटत नाही. घामातून विष बाहेर पडत नाही, ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, घाम म्हणजे जवळजवळ सगळे पाणी आणि थोडे मीठ. पण काहीतरी आत कोंडेल ही त्यांची भीती गोळ्यांच्या बाबतीत खरी आहे, कोंडते ती उष्णता. इंजेक्शनच्या बाबतीत ती लागू नाही, कारण इंजेक्शन फक्त टोचलेल्या जागेपुरते काम करते आणि उरलेल्या सगळ्या अंगावरच्या लाखो ग्रंथी शाबूत राहतात. सासूबाईंना हे असेच समजावून सांगा, त्यांना पटेल.

बोटॉक्स म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन; ते नसेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन सुटूच देत नाही. काखेतल्या तीव्र घामासाठी अमेरिकेत त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली. स्टंपसाठी अशी वेगळी मान्यता नाही, डॉक्टर अनुभवाच्या आधारे ते वापरतात. त्यामागचा पुरावा उत्साहवर्धक असला तरी थोडा आहे : अवयव गमावलेल्या लोकांवरचे अमेरिकेतील आणि युरोपातील काही छोटे अभ्यास, त्यांत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, खरे औषध आणि खोटे औषध यांची तुलना करणाऱ्या अभ्यासात दहाच्या आतच माणसे होती. घाम बहुतेकांचा उतरला, आणि परिणाम काही महिने टिकला.

प्रत्यक्षात होते ते असे. आधी स्टंपवर आयोडीनचा हात फिरवतात, तो वाळला की वरून स्टार्चची पूड भुरभुरतात आणि तुम्हाला थोडे चालायला किंवा उबदार खोलीत बसायला सांगतात. जिथे घाम फुटतो तिथे निळसर काळे ठिपके उमटत जातात, आणि स्टंपचा कोणता भाग सर्वाधिक घामतो ते डोळ्यांना दिसते. मग पेनने चौकटी आखून दर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरवर कातडीच्या वरच्या थरात बारीक सुईने थोडे थोडे औषध सोडतात. टोचण्या पुष्कळ होतात. स्टंपमध्ये नसेची गाठ असेल तर दुखते, म्हणून बधिरतेचे मलम तासभर आधी लावून घ्या आणि गाठीची जागा डॉक्टरांना आधीच दाखवून ठेवा. आठवडाभरात घाम उतरू लागतो. काखेला प्रत्येकी ५० युनिट पुरतात, स्टंपचे क्षेत्र त्याच्या कित्येक पट असल्याने खर्च दहा-वीस हजारांच्या पुढेच जातो आणि परिणाम ओसरला की पुन्हा करावा लागतो. म्हणून मी तुम्हाला ते आज घ्या असे म्हणणार नाही. माप, दोन लायनर आणि लोशन यांनी भागले नाही तर येत्या फेब्रुवारीच्या अखेरीस घ्या, म्हणजे परिणामाचे महिने उन्हाळ्यात पडतील. गर्भारपणात, अंगावर पाजताना किंवा स्नायूंच्या दुर्बलतेचा काही आजार असेल तर ते घेऊ नये.

घामाच्या नसा कापण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार स्टंपसाठी करू नका. त्यानंतर पाठीला आणि पोटाला दुप्पट घाम येणारे लोक मी पाहिले आहेत. लेसरने केस काढल्याने केसतोड कमी होतात, पुरळ त्या प्रकारचे निघाले तर त्याचा विचार जरूर करा.

उन्हाळ्याची सुट्टी आता जवळ आली आहे. लोशन त्याच दिवसांत सुरू करा, कारण पहिल्या आठवड्यात आग झाली तर घरी कुबड्या घेऊन दोन दिवस पायाशिवाय राहता येईल, शाळा चालू असताना ते जमणार नाही. तोपर्यंत टकटकीचे आकडे, घामाची वेळ आणि गोळीच्या तारखा वहीत लिहीत राहा आणि मापाला जाल तेव्हा ती वही सोबत न्या. फोड फुटला, पू आला, स्टंप गरम लागला किंवा ताप आला, तर त्या दिवशी पाय घालू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.